चार धन, एक ऋण

वालूर,
१२ जून १९८१

चि. सौ. केवळा हिस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून तू बुचकळ्यात पडशील. लग्न झालेल्या मुलीला सासरी मास्तरनं पत्र धाडायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून पाकिटावर शाळेचा शिक्का मारला आहे. घरच्यांनी विचारलंच तर दाखल्याचं काहीतरी आहे म्हणून सांग. पत्ता तुझ्या वडिलांकडून घेतला. सटवाजी परवा बाजारात भेटले होते. तुला मुलगी झाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. आनंद वाटला.

आता मुद्द्याचं. ज्याला गणित येत नाही तो प्रस्तावना लांबवतो, असं मी वर्गात म्हणायचो आणि तू मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून हसायचीस. तेव्हा लांबवत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या अकरावीच्या वार्षिक परीक्षेतला पाचवा प्रश्न तुला आठवत असेल. क्ष⁵ − ४क्ष³ − क्ष + ३ = ०. या समीकरणाची किती मुळं धन आणि किती ऋण, ते न सोडवता सांगा. न सोडवता सांगायचं हीच त्या नियमाची गंमत होती. पदांची चिन्हं ओळीनं बघत जायचं. अधिकाचं उणे झालं की एक बोट मोडायचं, उण्याचं पुन्हा अधिक झालं की दुसरं. जितके बदल तितकी धन मुळं, नाहीतर त्याहून दोनानं किंवा चारानं कमी. क्षच्या जागी उणे क्ष घालून तीच मोजणी केली की ऋण मुळं कळतात. हे पहिल्यांदा शिकवलं त्या दिवशी तू उभी राहून म्हणालीस, "सर, हे तर आमी रोज सांजच्याला करताव." तुमच्या घरी संध्याकाळी मेंढरं वाडग्याच्या फाटकातून आत जाताना तुझे वडील डोकी मोजत नाहीत, काळ्यामागं पांढरं आलं की एक बोट मोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. रोज त्याच क्रमानं जाणारी मेंढरं, त्यामुळे बदल कमी भरले की एखादं मागं राहिलं असं समजायचं. सगळा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो, पण घरी जाऊन बायकोला कौतुकानं सांगितलं होतं.

तर त्या पाचव्या प्रश्नाला तू लिहिलंस: धन दोन, ऋण एक, उरलेली दोन वास्तव नाहीत. मी तुला पाचपैकी शून्य दिलं आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'दोन मुळं कुठे गेली?'

केवळा, तुझं उत्तर बरोबर होतं.

मागच्या आठवड्यात नांदेडहून एक जुनं पुस्तक आणलं, त्यात हा नियम नीट दिलेला सापडला. समीकरणात जी पदं नाहीत, ती चिन्हं मोजताना सरळ सोडून द्यायची. मी तुम्हाला उलट सांगितलं होतं. गाळलेल्या पदाच्या जागी शून्य लिहा आणि शून्याला अधिक धरा. भागाकार करताना तसं शून्य लिहावंच लागतं, त्याची हाताला सवय. शून्यं अधिक धरली की चार बदल येतात. चार धन, एक ऋण, बेरीज पाच, आणि समीकरणही पाचव्या घाताचं. उत्तर इतकं टापटीप आलं की शंका घ्यायला जागाच उरली नाही. त्यात त्या साली नामांतरावरून दंगली झाल्या, शाळा महिनाभर बंद राहिली आणि पुढं सगळा अभ्यासक्रम मी टिपणं सांगून पळवला. हे तू जाणतेसच.

ते पाच मार्क मिळाले असते तर बन्सीधरपेक्षा तुझे दोन जास्त झाले असते. पहिला नंबर आला तर बारावीला बसवीन, नाहीतर पालमचं स्थळ पक्कं, असा तुझ्या वडिलांचा शब्द होता, हे मला माहीत आहे. माणसाच्या हातून चूक होते. जे झालं त्याचं मला वाईट वाटतं.

अजून वेळ गेलेली नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून तुला घरी राहून बारावीला बसता येईल. फॉर्म मी आणतो, पुस्तकंही देतो. फक्त हो म्हणून कळव.

तुझा शुभचिंतक,
रंगनाथ पिंगळीकर


पालम, एसटी स्टँड,
५ डिसेंबर १९८२

चि. सौ. केवळा,
आशीर्वाद.

परभणीला गाडी बदलून गंगाखेडमार्गे इथवर आलो. तुमच्या घरी जाऊन आलो. तू भेटली नाहीस. आता परतीच्या गाडीला दीड तास आहे आणि स्टँडवर एक बाक मोकळं आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या सासूबाई दारात होत्या. बायनाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मग विचारलं, "मास्तर, आमच्या सुनंशी तुमचं काय काम हाय?" मी म्हणालो, परीक्षेच्या फॉर्मचं. त्या म्हणाल्या, "ती मेंढरामागं गंगंच्या काठाला गेलीय. आता कवाची परीक्षा? लेकरू हाय पदरात." त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. निघताना त्या आपणहून म्हणाल्या, "मोजदाद समदी तीच बगते. तिनं मोजल्यावर दुसऱ्यांदा मोजायची गरज पडत न्हाई. तरी माझा ल्योक रायभान मोजतोच, आमच्यात एकल्याचं मोजलेलं धरत न्हाईत." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर तुझा अभिमान होता. ते वाडगं मी पाहिलं. बाभळीच्या फांद्यांचं फाटक, आत लेंड्यांचा वास, बाकी रिकामं.

तुझ्या सासूबाईंच्या त्या बोलण्यानं माझा खोटेपणा मलाच नकोसा झाला. म्हणून हे पत्र.

मागच्या पत्रात नांदेडच्या पुस्तकाचं लिहिलं होतं. असलं पुस्तक मी आणलेलं नाही. माझी चूक मला पुस्तकातून कळलेली नाही. ती एक मे एकोणऐंशीला, निकालाच्या दिवशीच कळली, आणि ती तूच दाखवलीस.

झेंडावंदन झालं, निकाल वाचला. आबासाहेब संस्थेचे अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसले होते, आणि पहिला आला होता त्यांचा पुतण्या बन्सीधर. लोक पांगले तेव्हा तुझे वडील लिंबाखालून उठून माझ्याकडे आले. घोंगडी खांद्यावर, पागोटं हातात. तू त्यांच्या मागं. ते काय बोलले ते मी तुझ्यासमोर पुन्हा लिहितो, कारण मला ते शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"गुर्जी, रागावू नका. आमी मेंढरं एकल्यानं मोजत न्हाई. मी मोजताव, मंग हिची माय सुगंधा मोजती. दोघायचं जुळलं तरच फाटक लावताव. पोरीचा पेपर तुमी एकदाच बगितला, का दुसऱ्यांदा बी?"

मी म्हणालो, "सटवाजी, दोनदा तपासलाय."

तेव्हा तू मागून हळूच म्हणालीस, "सर, जे मेंढरू वाटेनं गेलंच न्हाई, त्याचा रंग कसा धरायचा?"

आबासाहेबांसोबतची मंडळी हसली. मीही हसलो आणि त्यांना म्हणालो, "पोरगी हुशार आहे, पण मेंढरांतून बाहेर यायला तयार नाही." हे मी बोललो, केवळा. बोलत असतानाच मला कळून चुकलं होतं की तू शून्याबद्दल बोलते आहेस आणि बरोबर बोलते आहेस. जे पद नाही, त्याला मी चिन्ह चिकटवलं होतं. त्याच ठिकाणी, त्याच मिनिटाला तुझ्या वडिलांना थांबवता आलं असतं. ते पागोटं बांधत फाटकापर्यंत चालत गेले, त्याला चांगला वेळ लागला. मी बघत उभा राहिलो.

मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. जूनमध्ये आबासाहेबांची सही व्हायची होती. बायकोला सातवा महिना होता. ही कारणं आहेत, खरी आहेत, आणि ती लिहिताना मला लाज वाटते आहे.

गाडी लागली. फॉर्म सोबत ठेवतो आहे. भरलास तर मला बरं वाटेल. बघ, इथेही मी माझंच बरं बघतो आहे.

रंगनाथ पिंगळीकर


वालूर,
२२ मार्च १९८७

चि. सौ. केवळा,

सटवाजींच्या दहाव्याला आपली गाठ पडली. आठ वर्षांनी. तू वाळली आहेस. उन्हानं रंग रापला आहे, पण बघण्याची रीत तीच, समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पापणी न लववता बघण्याची.

मला वाटलं होतं तू तोंड फिरवशील. त्याची मी तयारी करून आलो होतो. तू सगळ्यांसमोर येऊन माझ्या पाया पडलीस. कुणीतरी म्हणालं, "गुर्जींनी लय शिकवलं हिला." तू का पाया पडलीस? रीत म्हणून, की मला शिक्षा म्हणून? हा प्रश्न मी आठवडाभर उलटसुलट करून पाहिला. तुझ्या स्वभावात शिक्षा बसत नाही, आणि तेच जास्त लागतं.

तू आत गेल्यावर सुगंधाबाई माझ्याजवळ बसल्या. तुझी आई फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाल्या, "केवळी लय दिस म्हनायची, माझं बरुबर होतं. हे म्हनायचे, गुर्जींनी दोनदा मोजलंय, मंग मी कसा काय इस्वास धरू तुझ्यावर. जाईस्तोवर तेच म्हनले." म्हणजे माझ्या एका वाक्यानं तुझ्या वडिलांनी तुझ्यावर, स्वतःच्या लेकीवर, अविश्वास ठेवला आणि तो सोबत घेऊन गेले. तुझे मार्क, तुझी बारावी यांचं दुःख मला होतंच. हे नवीन आहे आणि यावर मला काही उपाय दिसत नाही. मेलेल्या माणसाला कसं सांगणार की मी खोटं बोललो?

म्हणून जिवंत आहे तिला तरी उरलेलं सांगतो. मागच्या पत्रात लिहिलं की चूक एक मेला कळली. तेही खरं नव्हतं.

पेपर मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तपासले, शिक्षकांच्या खोलीत, भर दुपारी. तुझा पाचवा प्रश्न वाचला आणि पान उलटलं. मागच्या बाजूला तू बारीक अक्षरात पडताळा केला होतास. क्षच्या जागी शून्य घातलं तर अधिक तीन. एक घातला तर उणे एक. दोन घातले तर अधिक एक. म्हणजे शून्य आणि एकच्या मध्ये एक धन मूळ, एक आणि दोनच्या मध्ये दुसरं. दोनाच्या पुढं किंमत वाढतच जाते, म्हणून तिसरं नाही. खाली लिहिलं होतंस, 'सर, गाळलेलं पद मोजायचं नाही असं मला वाटतं. चुकत असेल तर माफ करावे.'

मी ते करून पाहिलं. पाच मिनिटं लागली. चार धन मुळं कुठंच नव्हती.

माझ्यासमोर अडतीस पेपर होते. सदतीस जणांनी चार धन, एक ऋण लिहिलं होतं, कारण मी सांगितलं होतं. तुला बरोबर दिलं तर ते सदतीस चूक, आणि अडतिसावा मी. बन्सीधरचेही पाच मार्क कापावे लागले असते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू दोन मार्कांनी पुढं असतीस. खरा हिशेब केला तर सातानं. एवढी साधी वजाबाकी मी तेव्हा मुद्दाम केली नाही.

मी पान पुन्हा पालथं केलं आणि पुढच्या बाजूला लाल शाईनं लिहिलं, 'दोन मुळं कुठे गेली?' उत्तर मागच्या बाजूला होतं आणि मी ते वाचलेलं होतं. माणूस इतका हलका होऊ शकतो, हे मला स्वतःबद्दल त्या दिवशी कळलं आणि मी ते पुढं सोयीनं विसरलो.

आता मी इथं मुख्याध्यापक आहे. आबासाहेब थकलेत. बन्सीधर एम.एस्सी., बी.एड. करून गेल्या जूनपासून आपल्याच शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवतो. मुलगा मेहनती आहे, मनानं वाईट नाही. त्याला यातलं काही माहीत नाही. माझ्या टिपणांची वही मी त्याच्या हवाली केली. अक्षर चांगलं आहे, त्याचे कष्ट वाचतील.

तू उत्तर लिहू नकोस असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. मी वाट बघतो.

रंगनाथ पिंगळीकर


वालूर,
१८ जानेवारी १९९४

चि. सौ. केवळा हिस,
आशीर्वाद.

सात वर्षं लिहिलं नाही. लिहायला उरलं नव्हतं. जे होतं ते तीन हप्त्यांत सांगून झालं होतं, भित्र्या माणसासारखं, मागं मागं सरकत.

चौदा तारखेला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. तीनचार दिवस एसटी बंद होती, शाळेला सुट्टी होती, सेलूच्या रस्त्याला पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. मी घरात बसून होतो. त्या अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्याची आठवण निघाली. तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीतली तीन पोरं आपल्या वर्गात होती. शाळा उघडल्यावर ती आली नाहीत. मी हजेरीत महिनाभर त्यांच्या नावापुढं गैरहजर मांडत राहिलो आणि मग नावं कमी केली. ती कुठं गेली हे विचारायला मी गेलो नाही. तुझ्या बाबतीत मी पहिल्यांदा गप्प बसलो असं आजवर वाटत होतं. तसं नव्हतं. मला आधीपासून सराव होता.

एका नावाची गोष्ट मिटायला सोळा वर्षं लागली. माझ्या पाच मार्कांना पंधरा झाली. म्हणून मी उठून पेटी उघडली.

उत्तरपत्रिका वर्षभरानं जाळायच्या असतात. तुझी मी तेव्हाच गठ्ठ्यातून काढून ठेवली होती. का ठेवली, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. पुरावा नष्ट करायला हवा होता तो मी सांभाळला. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण तुझं अक्षर जसंच्या तसं आहे.

मी काय केलं ते सांगतो. पाचव्या प्रश्नाचं शून्य खोडलं. वर पाच मांडले. एकूण बेरीज दुरुस्त केली. माझा तो लाल शाईचा प्रश्न खोडून बाजूला लिहिलं, 'तपासणी चुकली. विद्यार्थिनीचं उत्तर पूर्ण बरोबर.' खाली सही, आजची तारीख आणि मुख्याध्यापकाचा शिक्का. तो कागद या पाकिटात आहे. तो तुझा आहे.

हे सगळं करून पेटी बंद केली. मग खूप वर्षांनी पोटभर जेवलो. बायको म्हणाली, आज काय झालंय तुम्हाला? मी म्हणालो, जुनं एक काम उरलं होतं.

यानं तुझी वर्षं परत येत नाहीत, हे मला समजतं. सटवाजींना हे दाखवता येत नाही, हेही. तरी माझ्या हातात होतं तेवढं सगळं आता मी केलं, असं मला वाटतं. तुला राग असेल तर असू दे. तो माझ्या वाट्याचा आहे.

तुझा अपराधी,
रंगनाथ पिंगळीकर


पालम,
९ फेब्रुवारी १९९४

ती. सरांना,
केवळाचा नमस्कार.

लिहायची सवय मोडलीय, म्हणून बोलते तसंच लिहायले. चुका काढू नका.

तुमची समदी पत्रं मिळाली. घरात कुणी अडवलं न्हाई. पहिलं वाचून लय रडले. दुसरं वाचून राग आला. तिसरं आलं तवा वडील, आमचे दादा, नुकतेच गेले होते, ते पत्र मी चार वेळा वाचलं आन पेटीत ठेवलं. उत्तर धाडलं न्हाई. माफ केलं म्हणावं तर खोटं हुईल. न्हाई म्हणावं, तर तुमी दर पत्राला आणखी थोडं खरं बोलायला लागले होते. म्हणलं, बोलू द्यावं.

दहाव्याला पाया का पडले म्हणून तुमी विचारलं. दादांनी मला सांगून ठेवलं होतं, गुर्जी आले तर पाया पड. त्येंचं आयकलं. दुसरं कायबी नव्हतं.

मागच्या पानाचं तुमाला एक ठाव न्हाई. तुमी वर्गात शून्याला अधिक धरा म्हणून सांगितलं, त्याच दिवशी मला ते खटकलं होतं. घरी येऊन आकडे घालून बगितलं, चार मुळं कुठंच निघंनात. दुसऱ्या दिवशी हात वर करणार होते. मंग वाटलं, एवढ्या पोरांसमोर सरांची चूक काढणं बरं न्हाई दिसत. म्हणून परीक्षेत मागच्या बाजूला लिहिलं, बारीक अक्षरात, म्हणजे तुमी एकले वाचाल आन बाकी कुणाला कळणार न्हाई. तुमची लाज राहावी म्हणून तसं केलं होतं सर. ते असं उलटंल हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.

पेपर मिळाला. पाचपैकी पाच बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या घरच्यांना दाखवला. त्येंनी उलटून पालटून बगितला आन विचारलं, आता ह्याचं काय करायचं? पेटीत ठेवलाय.

आता ज्यासाठी लिहायले ते.

माझ्या भावाची मनकर्णा वालूरला तुमच्याच शाळेत अकरावीला हाय. तुमाला ठाव नसंल, तुमी आता हापिसात बसता. मागच्या आयतवारी ती इकडं आली होती. तिची गणिताची वही सहज चाळली. तेच गणित सापडलं. आकडे बी तेच, चार, एक आन तीन. खाली लिहिलेलं, गाळलेल्या पदाच्या जागी शून्य लिहा, शून्याला अधिक धरा. चार धन, एक ऋण. मी म्हणलं, हे कुणी सांगितलं? ती म्हणली, बन्सीधर सरांनी. त्येंच्याकडं एक जुनी वही हाय, लय चांगल्या अक्षरातली, त्यातून सांगत्यात.

सर, तेरा वर्षं तुमी मला पत्रं लिहिली. वर्गात एकदाबी सांगितलं न्हाई?

मनकर्णाला मी वाडग्यापाशी घेऊन बसले. मेंढरं आत चालली होती. तिला म्हणलं, मोज. काळ्यामागं पांढरं आलं की बोट मोड. मधीच विचारलं, आपली ती तांबडी मेंढी मागच्या साली मेली, ती आज कोणत्या रंगाची धरायची? ती हसली. मंग तिनं वही उघडली आन शून्यं खोडली. माझ्यापेक्षा हुशार हाय पोरगी. तिला एका सांजंत कळलं.

नंतर तिनं मला विचारलं, आत्या, एप्रिलात परीक्षेला हेच आलं तर काय लिहू? बन्सीधर सरांचं लिहू, का तुझं?

मी अजून तिला कायबी सांगितलं न्हाई. काय सांगू ते तुमी कळवा. पाकीट नको. कार्डावर लिहा, समद्यांना वाचता येईल असं.

केवळा